घरी कळलं तर?

अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठावर मार्क्वेट नावाचं गाव आहे. मार्च २०२२ मध्ये तिथल्या एका सतरा वर्षांच्या मुलाला रात्री इन्स्टाग्रामवर एका मुलीचा मेसेज आला. ओळख नव्हती, पण गप्पा रंगल्या. तिने स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवला आणि त्याच्याकडे तसाच मागितला. त्याने तो पाठवला आणि पलीकडची भाषा एकदम बदलली. त्याचा तो फोटो आणि त्याच्या ओळखीपाळखीच्या लोकांची नावं एकत्र करून त्यालाच दाखवण्यात आली. एक हजार डॉलर दे, नाहीतर हे सगळ्यांना जाईल. त्याने जवळचे तीनशे डॉलर पाठवले. मागणी थांबली नाही. पहिल्या मेसेजपासून साधारण सहा तासांत त्या मुलाने आपला जीव दिला. त्या रात्री तो वडिलांच्या घरी होता.

ती ‘मुलगी’ म्हणजे नायजेरियातल्या लागोसमध्ये राहणारे दोन भाऊ होते. दुसऱ्याच कुणाचं चोरलेलं खातं ते वापरत होते. पोलिसांनी त्यांचा माग काढला, ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांना अमेरिकेत आणलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दोघांना प्रत्येकी साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली.

हे एखाद्याच गावात घडलेलं नाही. ऑक्टोबर २०२१ ते मार्च २०२३ या दीड वर्षात अल्पवयीन मुलांना फोटोवरून धमकावून पैसे उकळल्याच्या १३,००० हून अधिक तक्रारी अमेरिकी तपास यंत्रणांकडे आल्या, असं एफबीआयने जाहीर केलं आहे. बळी ठरलेली मुलं किमान १२,६००, त्यांत बहुतेक मुलगे, आणि किमान वीस आत्महत्या. या गुन्ह्याला आता जगभर ‘सेक्सटॉर्शन’ म्हणतात.

या प्रकरणांचे तपशील वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. गुन्हेगाराकडे शस्त्र म्हणावं असं फार थोडं असतं: एक खोटं खातं, एक फोटो, नावांची एक यादी. बाकी सगळं काम मुलाच्या मनातला एक प्रश्न करतो. घरी कळलं तर? त्या प्रश्नाचं उत्तर मुलाने आधीच ठरवलेलं असतं: संपलं सगळं. गुन्हेगार त्याच उत्तरावर पैसे लावतो. म्हणून इथे अ‍ॅप आणि सेटिंगपेक्षा जास्त जागा मी घरातल्या बोलण्याला देणार आहे. ते उत्तर बदलणं फक्त आई-वडिलांच्या हातात आहे.

आधी हा फास कसा टाकला जातो ते नीट पाहू, कारण मुलाला सावध करायचं तर या फसवणुकीच्या पायऱ्या आपल्याला ठाऊक हव्यात. खोटं खातं बहुधा थेट मुलाकडे येत नाही. ते आधी त्याच्या वर्गातल्या चार-पाच जणांना फॉलो करतं. मग मुलाकडे रिक्वेस्ट येते तेव्हा ‘म्युच्युअल’मध्ये ओळखीची नावं दिसतात आणि त्याला वाटतं, कुणाची तरी मैत्रीण असेल. गप्पा सुरू झाल्या की लवकरच व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम किंवा स्नॅपचॅटवर यायचा आग्रह होतो. पहिला फोटो बहुधा पलीकडून येतो. समोरच्याने विश्वास दाखवला, आता आपण मागे हटलो तर भित्रे ठरू, असं त्या वयात वाटणं अगदी स्वाभाविक आहे. फोटो गेला की त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचे स्क्रीनशॉट येतात. दहा मिनिटं देतो, पाच मिनिटं देतो, असं उलटं मोजणं सुरू होतं. मुलाला विचार करायला, कुणाकडे जायला वेळच मिळू नये हा त्यामागचा हेतू असतो. असे कितीजण यात आहेत त्याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. जुलै २०२४ मध्ये मेटा कंपनीने या गुन्ह्यासाठी वापरली जाणारी एकट्या नायजेरियातली सुमारे ६३,००० इन्स्टाग्राम खाती बंद केली.

आपल्याकडची पद्धत थोडी वेगळी आहे. राजस्थानातले अलवर आणि भरतपूर, हरियाणातलं नूह या पट्ट्यातल्या टोळ्या बहुधा व्हिडिओ कॉलचा वापर करतात. अनोळखी नंबरवरून कॉल येतो, समोर नग्न स्त्रीचं चित्रीकरण चालू असतं आणि कॉल उचलणाऱ्याचा चेहरा त्याच्यासोबत रेकॉर्ड होतो. मग पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्या माणसाचा फोन येतो. २०२२ मध्ये पुण्यात एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने अशा धमक्यांनंतर आत्महत्या केली, तेव्हा पुणे पोलिसांचा तपास अलवर जिल्ह्यातल्या एका गावापर्यंत गेला होता. या टोळ्यांचा रोख मुख्यतः मोठ्या पुरुषांवर असतो, पण कॉल करणाऱ्याला नंबर कुणाच्या हातात आहे ते कुठे माहीत असतं? लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी म्हणून मुलाला दिलेला बाबांचा जुना फोन आणि त्यातलं बाबांच्या नावाचं सिम, ही आपल्याकडच्या कितीतरी घरांतली वस्तुस्थिती आहे.

आता तर मुलाने काही पाठवण्याचीही गरज उरलेली नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातला, सहलीतला साधा फोटो घेऊन एआयच्या मदतीने खोटं नग्न चित्र बनवता येतं. ‘आमचा मुलगा तसा नाही, आमची मुलगी तसलं काही करणार नाही’ या भरवशावर निश्चिंत राहणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यायला हवं. मूल कसं आहे याच्याशी या धोक्याचा संबंध राहिलेला नाही.

मूल घरी का सांगत नाही? मुलग्यांच्या बाबतीत लाज हे मोठं कारण असतं. आपण मूर्ख ठरलो, मुलगी समजून कुठल्याशा माणसाशी बोलत बसलो, हे वडिलांना कुठल्या तोंडाने सांगायचं? मुलींची भीती वेगळी आणि जास्त खोल असते. आपल्याकडे अशी गोष्ट उघड झाली की तिचं कॉलेज बंद होऊ शकतं, क्लासला जाणं बंद होऊ शकतं, ‘स्थळं बघायला लागा’ हे शब्द घरात उच्चारले जाऊ शकतात. ही भीती तिने कल्पनेतून आणलेली नसते. शेजारच्या, नात्यातल्या एखाद्या मुलीचं काय झालं हे तिने पाहिलेलं असतं आणि तेव्हा आपले आई-बाबा काय बोलले तेही ऐकलेलं असतं. जेवताना टीव्हीवरच्या बातमीवर ‘असले फोटो काढलेच कशाला?’ असं आपण सहज बोलून जातो. पानावर बसलेल्या मुलीला त्यातून कळतं की उद्या ही वेळ माझ्यावर आली तर या घरात माझी बाजू घेणारं कुणी नाही.

आणि मुलगा असो वा मुलगी, एक भीती दोघांनाही असते: फोन जाईल. मोठ्यांना हे क्षुल्लक वाटतं, पण पंधरा वर्षांच्या मुलाची सगळी मैत्री, अभ्यासाचे ग्रुप, शिकवणीचं वेळापत्रक त्या फोनमध्ये असतं. ‘पुन्हा काही दिसलं तर फोन काढून घेईन’ ही धमकी आपण शिस्तीसाठी देतो. मुलाच्या कानात ती ‘काही झालं तर सांगू नकोस’ अशी पोहोचते. माझं ठाम मत आहे की फोन जप्त करण्याची धमकी पालकांनी आपल्या बोलण्यातून पूर्णपणे काढून टाकावी. वेळेच्या मर्यादा घाला, रात्रीचे नियम करा, ते पाळले नाहीत तर ठरलेले परिणाम होऊ द्या. पण मुलाने स्वतःहून येऊन सांगितलेल्या गोष्टीची शिक्षा म्हणून फोन कधीही काढून घेऊ नका.

मग काय बोलायचं? मोठं व्याख्यान नको. स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाशी, भाजी निवडताना शेजारी बसलेल्या मुलीशी, जिथे डोळ्यांत डोळे घालून बोलावं लागत नाही अशा जागी हे सोपं जातं. “अशी एक फसवणूक चालते, मी वाचलं. मुलीच्या नावाने बोलतात, फोटो घेतात, मग पैसे मागतात. तुझ्या शाळेत कुणाच्या बाबतीत झालंय का?” इथे प्रश्न दुसऱ्याबद्दल आहे, त्यामुळे मूल बोलू शकतं. आणि मग खरं वाक्य: “समज, तुझ्या हातून असं काही झालं, तू स्वतः फोटो पाठवलास, तरी सगळ्यात आधी माझ्याकडे ये. रात्री दोन वाजता उठव. मी चिडले तर ते पाच मिनिटं असेल, पण तुझी बाजू सोडणार नाही. आणि फोन काढून घेणार नाही.” त्यातलं ‘तू स्वतः पाठवलास तरी’ हे गाळू नका. तोच भाग मुलाला ऐकायचा असतो.

काही घरांत आई-वडिलांशी हे बोलणं जमतच नाही. मग मुलासोबत बसून आणखी एक माणूस ठरवा. मावशी, मामा, आत्या, थोरली चुलत बहीण, विश्वासातले सर. त्या माणसालाही आधी विचारा आणि मुलाने सांगितलेलं तो लगेच जगजाहीर करणार नाही याची खात्री करून घ्या. आईला स्मार्टफोन नीट वापरता येत नसेल तरी काही बिघडत नाही. मुलाला त्या क्षणी इन्स्टाग्राम जाणणारा माणूस लागत नाही, न घाबरणारा माणूस लागतो. बाकीचं तांत्रिक काम करणारे नंतर भेटतात.

इथे एका जुन्या घबराटीची आठवण करून द्यायला हवी. २०१७ च्या उन्हाळ्यानंतर ‘ब्लू व्हेल’ नावाच्या खेळाने देशभरातल्या पालकांची झोप उडवली होती. शाळांनी परिपत्रकं काढली, वर्तमानपत्रांनी मुलांच्या हातांवर देवमासा कोरलेला आहे का ते तपासायला सांगितलं. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि जानेवारी २०१८ मध्ये संसदेत सांगितलं की तपासलेल्या घटनांपैकी एकीतही या खेळाचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही. मग ‘मोमो’ आलं. तो भयाण चेहरा म्हणजे जपानमधल्या एका कलाकाराचं शिल्प होतं आणि त्याच्या नावाने फिरलेल्या कहाण्या अफवा होत्या. अशा फॉरवर्डवर विश्वास ठेवून आपण मुलांना धमकावतो तेव्हा मुलांना ते खोटं असल्याचं आपल्या आधी कळलेलं असतं. पुढच्या वेळी आपण खऱ्या धोक्याबद्दल सांगायला जातो आणि ती ऐकेनाशी होतात.

आता समजा, मूल येऊन उभं राहिलं. रात्र झाली आहे, फोनवर धमक्या येत आहेत. पहिलं वाक्य: “बरं झालं सांगितलंस.” बाकी सगळे प्रश्न उद्यासाठी ठेवा. का पाठवलास, कधीपासून बोलतोयस, अभ्यास सोडून हेच का, यातलं काहीही आत्ता विचारायचं नाही. आणि त्या रात्री मुलाला एकटं झोपू देऊ नका. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही ते बोललं असेल तर सरकारच्या ‘टेलिमानस’ या मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. चोवीस तास चालणाऱ्या या सेवेत मराठीतही बोलता येतं.

पैसे द्यायचे नाहीत. एकदा पैसे आले की हे घर देतं, एवढंच गुन्हेगाराला कळतं आणि मागणी वाढते. फोटो खरंच पसरवला जाईल का, याची हमी कुणालाच देता येत नाही, पण त्यांचा धंदा भीतीवर चालतो. ज्याच्याकडून काहीच मिळणार नाही अशा मुलावर वेळ घालवण्यापेक्षा ते बहुधा पुढच्या मुलाकडे वळतात. उत्तर देणं थांबवा. चॅट मात्र डिलीट करू नका आणि खातंही बंद करू नका, तो पुरावा आहे. समोरच्या खात्याचं नाव आणि लिंक, धमक्यांचे मेसेज, फोन नंबर, यूपीआय आयडी, पैसे गेले असतील तर व्यवहाराचा क्रमांक, या सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. मग ते खातं अ‍ॅपमध्येच रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा.

एक चूक घाबरलेले पालक अगदी सहज करतात. ‘हे बघा काय पाठवलंय त्याने’ म्हणून मुलाचा फोटोच काकांना, वकिलांना, ओळखीच्या हवालदारांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. तसं करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार अल्पवयीन मुलाचं लैंगिक चित्र पाठवणं हा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचं राहू द्या, तुमच्या मुलाचा तो फोटो आणखी एका फोनमध्ये तुम्हीच पोहोचवलेला असतो. नातेवाइकांना कळवायचंच असेल तर एवढा मेसेज पुरे: “आमच्या खात्याचा गैरवापर होतोय. अनोळखी नंबरवरून काही आलं तर उघडू नका, पुढे पाठवू नका, आम्हाला कळवा.” हा मेसेज गेला की धमकीतला अर्धा जोर निघून जातो.

पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक ताबडतोब लावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या तासांत सर्वाधिक असते. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मूल स्वतःही लावू शकतं.

फोटो पसरण्याआधीच अडवण्याचं एक साधन फार थोड्या पालकांना माहीत आहे. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा अमेरिकेतली एनसीएमईसी ही संस्था २०२३ पासून चालवते आणि ती जगभरातून वापरता येते. यात फोटो कुणालाही पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोवरून आकडे-अक्षरांची एक ओळ तयार होते, तिला हॅश म्हणतात. बोटाच्या ठशावरून चेहरा काढता येत नाही, तसा हॅशवरून फोटो परत बनवता येत नाही. फक्त तो हॅश संस्थेकडे जातो आणि तिथून फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट यांसारख्या सहभागी कंपन्यांकडे. तोच फोटो कुणी तिथे टाकला की जुळणी होते आणि तो काढता येतो. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या ठिकाणी, जिथे संदेश कंपनीलाही वाचता येत नाहीत, हे चालत नाही. तरीही ‘मी काहीतरी केलं’ ही भावना मुलाला मिळते आणि त्या रात्री तिची फार गरज असते.

पोलिसांकडे जायला घरं घाबरतात. चौकीत सगळ्यांसमोर मुलीला उलटसुलट प्रश्न विचारतील, पेपरात नाव येईल, ही चिंता खोटी नाही. म्हणून मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यातल्या तरतुदी पालकांना पाठ असाव्यात. २०१२ च्या या कायद्याच्या कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवायचा असतो. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती तेव्हा सोबत असते. कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचं नाव, पत्ता, शाळा, फोटो प्रसिद्ध करणं कलम २३ नुसार गुन्हा आहे. ‘शाळेची बदनामी नको’ म्हणून मुख्याध्यापक प्रकरण मिटवू पाहत असतील तर त्यांनाही सांगा की असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच कायद्याने गुन्हा आहे. ठाण्यात कुणी टाळाटाळ केली तर ही कलमं शांतपणे म्हणून दाखवा. फरक पडतो.

गुन्हेगाराइतकीच जखम वर्गातली मुलं करू शकतात, हे कॅनडातल्या अमांडा टॉडच्या बाबतीत जगाने पाहिलं. एका अनोळखी माणसाने वेबकॅमवरचं तिचं चित्र मिळवलं, तिला धमकावलं आणि ते तिच्या ओळखीच्या लोकांपर्यंत पोहोचवलं. तिने शाळा बदलल्या, ते चित्र तिच्या मागे आलं, त्यासोबत टोमणे आले, मारहाण आली. सप्टेंबर २०१२ मध्ये तिने लिहिलेले कागद हातात धरून आपली कहाणी सांगणारा व्हिडिओ टाकला आणि पुढच्याच महिन्यात, पंधराव्या वर्षी, ती गेली. तिला छळणाऱ्या डच माणसाला कॅनडाच्या न्यायालयाने दहा वर्षांनी, २०२२ मध्ये दोषी ठरवलं. तिच्यावर हसलेल्या मुलांना कुठल्याही न्यायालयात उभं राहावं लागलं नाही. तीही कुणाची तरी, चारचौघांसारखी मुलंच होती. मे २०२० मध्ये दिल्लीत ‘बॉईज लॉकर रूम’ नावाच्या इन्स्टाग्राम ग्रुपचे स्क्रीनशॉट बाहेर आले, तेव्हाही चांगल्या शाळांत जाणारी मुलं वर्गमैत्रिणींच्या फोटोंवर काय लिहितात ते पालकांनी पहिल्यांदा वाचलं. त्यामुळे मुलाशी बोलताना आणखी एक प्रश्न विचारा: “कुणाचा तरी असा फोटो तुझ्या ग्रुपवर आला तर तू काय करशील?” तो पुढे पाठवायचा नाही, साठवायचा नाही, आणि जमलं तर ज्याचा आहे त्याच्या जवळच्या मोठ्या माणसाला कळवायचं, हे घरात स्पष्ट बोललं गेलं पाहिजे.

सेटिंगबद्दल थोडक्यात. इन्स्टाग्रामने २०२४ मध्ये आणलेली ‘टीन अकाउंट’ २०२५ मध्ये भारतात सुरू झाली. त्यात खातं आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही आणि सोळा वर्षांखालच्या मुलाला हे बदलायला पालकांची परवानगी लागते. पण मुलाने जन्मवर्ष खोटं टाकलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. म्हणून खात्यातलं जन्मवर्ष एकदा त्याच्यासोबत बसून बघा. आणि रात्री सगळ्यांचे फोन, मोठ्यांचेही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. मध्यरात्री एकट्याच्या हातात असलेला फोन ही या टोळ्यांची सगळ्यात आवडती जागा आहे.

तक्रार झाली, खातं ब्लॉक झालं, तरी पुढचे काही आठवडे मूल फोन वाजला की दचकेल. शाळेत कुणी कुजबुजलं तर आपल्याबद्दलच आहे असं त्याला वाटेल. त्याने रोजचा खेळ, शिकवणी, मित्र सोडू नयेत म्हणून हळूच मागे लागा, पण त्या घटनेचा विषय टोमण्यासारखा कधीही काढू नका. शाळेच्या समुपदेशकाची किंवा बाल-मनोविकारतज्ज्ञांची दोन-चार भेटींपुरती मदत घेण्यात कमीपणा नाही. काही महिन्यांनी नव्या नंबरवरून, नव्या नावाने तोच माणूस किंवा त्याने विकलेल्या यादीतला दुसरा कुणी पुन्हा धमकी पाठवू शकतो. हे मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो मेसेज आला तर ते वाचून न घाबरता तुमच्याकडे घेऊन येईल. तोही स्क्रीनशॉट तक्रारीच्या जुन्या क्रमांकाला जोडा.